कुणाचे तरी वडील

शशिकांत ओहोळला कुणी गाव विचारलं की तो "श्रीरामपूरकडचा" एवढंच म्हणायचा आणि लगेच समोरच्याला त्याचं गाव विचारायचा. ही सवय त्याला पुण्यात इंजिनिअरिंगला असताना लागली. होस्टेलवर आडनाव ऐकून मुलं क्षणभर थांबायची, मनात काहीतरी जुळवायची आणि मग विचारायची, ओहोळ म्हणजे नक्की कुठले? त्या प्रश्नाला दोन उत्तरं होती. एक जातीचं, जे घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या भोगलं होतं. दुसरं धर्माचं, जो आजोबांनी मिशनच्या फादरांकडे जाऊन स्वीकारला होता. शशिकांतला दोन्ही द्यायची नसत. प्रश्न यायच्या आत तो बोलणं दुसरीकडे वळवायला शिकला, आणि इतकं सफाईने शिकला की आपण काही वळवतोय हे पुढे त्याचं त्यालाही कळेनासं झालं.

आयर्लंडला आल्यावर ही सवय सुटायला काही हरकत नव्हती. शॅननजवळच्या वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात त्याला कुणी आडनावाचा अर्थ विचारणार नव्हतं. बायको सुहासिनी जालन्याची, तीही ख्रिस्ती, एनिसच्या हॉस्पिटलात नर्स. एनिसमध्ये घर मिळेना म्हणून दोघांनी अर्ध्या तासावरच्या क्लूनबेग नावाच्या छोट्या गावात घर घेतलं. एक रस्ता, दोन पब, एक शाळा आणि टेकाडावर चर्च. मुलगी तिथल्याच शाळेत शिकून पुढे डब्लिनला कॉलेजात गेली. पण एनिसला मराठी मंडळ होतं. इंजिनिअर आणि डॉक्टरांची वीस-पंचवीस घरं. गणपती, दिवाळी, संक्रांत. शशिकांत मंडळाचा माइक आणि स्पीकर सांभाळायचा, मखर बांधायला असायचा, आरतीला टाळ्या वाजवायचा. त्यात खोटं काही नव्हतं. गावी गणपतीपुढे त्याचे वडीलच ढोलकी वाजवायचे. खोटं होतं ते एवढंच, की मंडळाची मीटिंग रविवारी सकाळी ठरली की तो "जरा कामं आहेत" म्हणायचा. चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, जायचंय, असं त्याने कधी म्हटलं नाही.

क्लूनबेगच्या चर्चमध्ये मात्र तो नेमाने जायचा. तिथेच एका रविवारी नोएल हेहिरने त्याला दारात अडवलं.

"तू इंजिनिअर ना? आमच्या रेडिओत घरघर येते. बघशील का जरा?"

हा रेडिओ म्हणजे क्लूनबेग पॅरिश रेडिओ. नोएल तेव्हा सत्तरी ओलांडलेला, आणि त्या रेडिओला चाळीस वर्षं होत आली होती. तरुणपणी नोएलचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्याची आई पाय मोडून अंथरुणाला खिळली आणि तिची मिस्सा चुकायला लागली, तेव्हा त्याने जुन्या सामानातून एक ट्रान्समीटर जोडला आणि तेव्हाच्या फादरांच्या संमतीने चर्चच्या मागच्या खोलीत, फादरांच्या झग्यांच्या कपाटात बसवला. परवाना वगैरे काही नव्हता. त्या काळी देशभर बिनपरवान्याची स्टेशनं चालायची, त्यातलं हे एक. मग गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी आपापले रेडिओ त्याच्या दुकानात आणले. नोएल प्रत्येकाच्या तबकडीवर बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून द्यायचा. ठिपक्यावर काटा आणला की क्लूनबेग लागायचं. सकाळी मिस्सा, संध्याकाळी जपमाळ, मग गावातल्या मृत्यूंच्या बातम्या, आणि शेवटी कुणाची मेंढी हरवली असेल तर तेही. पुढे रीतसर परवाना मिळाला. नोएलची बायको ब्रीडा फोन घ्यायला बसू लागली.

मग ती वर्षं आली. चर्चच्या संस्थांमध्ये लहान मुलांवर आणि पोरसवदा आयांवर काय काय झालं होतं, त्याचे सरकारी अहवाल एकामागून एक बाहेर आले. क्लूनबेगमध्ये तसं काही घडलं नव्हतं. तरी लोक चर्चसमोरून जाताना रस्त्याची दुसरी बाजू धरू लागले. एका संध्याकाळी जपमाळ सुरू व्हायच्या आधी नोएलने माइकसमोर बसून पाहिलं आणि त्याला तोंड उघडवेना. त्याने ट्रान्समीटर बंद केला आणि किल्ली फादरांना देऊन टाकली. अर्धं वर्ष त्या लाल ठिपक्यावर नुसती खरखर होती. गावाबाहेर राहणाऱ्या मिसेस टाल्टी नावाच्या बाईने निरोप पाठवला, की जे घडलं ते घडलं, पण मी इथे चार भिंतींत बसून कुणाशी प्रार्थना करू? तेव्हा नोएलने स्टेशन पुन्हा सुरू केलं. मधल्या काळात त्याचे कितीतरी जुने श्रोते वारले होते. ते शेवटचे महिने त्यांनी खरखर ऐकत काढले असतील, हे त्याच्या मनातून कधी गेलं नाही.

शशिकांतने एका संध्याकाळी अर्थिंगची एक तार बदलली आणि घरघर थांबली. नोएल एवढंच म्हणाला, "ग्रँड." म्हणजे तिकडच्या बोलीत झकास. त्यानंतर शशिकांत स्टेशनचाच झाला. त्याने ते इंटरनेटवर आणलं, वेबसाइट केली, कार्यक्रम मागाहून ऐकायची सोय केली. कॉम्प्युटर जुना आणि लहान होता, म्हणून आठवड्याची रेकॉर्डिंग्ज आपोआप पुसली जातील असंही लावून ठेवलं. वेबसाइटवर ठेवलेलं तेवढं राहायचं. आता गावात केरळच्या नर्सेस होत्या, फिलिपिनो होते, पोलिश होते, फादरही केरळचेच होते. नोएलने रविवारी दुपारी एक कार्यक्रम सुरू केला. ज्याला जे गाणं, जी प्रार्थना आपल्या भाषेत म्हणायची असेल त्याने यावं.

"तुझ्या भाषेत काही नाही का?" नोएल विचारायचा.

"माझा गळा नाही," शशिकांत म्हणायचा.

गळा त्याच्या वडिलांना होता.

शांतवन ओहोळ त्या सप्टेंबरच्या शेवटी आले. त्याआधी यायला ते तयार नव्हते, कारण हरेगावची मतमाउलीची, म्हणजे मेरीमातेची, यात्रा त्यांनी आयुष्यात चुकवली नव्हती. तिथे त्यांची भजनी मंडळी रात्र जागवायची. ते ढोलकी वाजवायचे आणि स्वतः रचलेली भजनं म्हणायचे. लिहून त्यांनी काही ठेवलं नव्हतं. एका डेअरीवर ड्रायव्हर म्हणून आयुष्य गेलेलं, अंगाने वाळकुडे, डोक्याला माकडटोपी. शशिकांतची आई गेल्यापासून गावी एकटेच राहत होते. सूनबाईने आग्रह केला म्हणून तीन महिन्यांसाठी आले.

पहिल्याच रविवारी मिस्सा संपल्यावर चर्च रिकामं होत असताना ते बाकावर बसून हलक्या आवाजात भजन म्हणत होते. नोएल माइकची वायर गुंडाळत होता. तो थांबला. वायर हातात तशीच धरून शशिकांतकडे आला.

"हे तुझे वडील? आणि तू मला इतकी वर्षं गळा नाही म्हणून सांगत होतास?"

पुढच्या रविवारी शांतवनराव रेडिओच्या खोलीत बसले. ढोलकी नव्हती. ब्रीडाने बिस्किटांचा पत्र्याचा रिकामा डबा आणून दिला. त्यांनी तो मांडीवर घेतला, दोन-तीन ठिकाणी बोटं आपटून पाहिली आणि म्हणाले, "चालंल की." मग डोळे मिटून गायले.

*दारी आला धनी माझा, भाकर मागतो,*
*रिकामी दुरडी पाहून जीव हा लाजतो.*

नोएलला एक शब्द कळत नव्हता. तरी शेवटी त्याने चष्मा काढून पुसला. गाणं संपल्यावर शांतवनरावांनी मुलाला विचारलं, "किती लोक ऐकत असतील रं?"

शशिकांतने नोएलला विचारलं.

"पूर्वी अख्खं गाव ऐकायचं," नोएल म्हणाला. "आता काही म्हाताऱ्या बाया, आणि देव."

हे सांगितल्यावर शांतवनराव खूश झाले. "म्हंजी आपल्या हरेगावावानीच की."

मग दर रविवारी ते जाऊ लागले. ब्रीडा सांगायची, की फोन येतात, तो भारतातला माणूस आज आहे का म्हणून. मिसेस टाल्टीने गायकासाठी ऱ्हुबार्ब नावाच्या आंबट देठांच्या जॅमची बरणी पाठवली. शांतवनरावांना ती चव अजिबात आवडली नाही, पण ते रोज सकाळी पोळीला लावून थोडा खायचे, कारण ती कुणीतरी गाणं ऐकून पाठवली होती. शशिकांत त्यांना गाडीने न्यायचा, माइक लावून द्यायचा आणि खिडकीशी उभा राहायचा. वडिलांचा आवाज ऐकताना त्याला बरं वाटायचं. पण त्याच वेळी नजर कॉम्प्युटरकडे जायची. हे इंटरनेटवरही जातं, ही सोय त्यानेच केली होती.

नोव्हेंबरात मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता, एनिसच्या एका कम्युनिटी हॉलमध्ये. शशिकांतने घरी सांगितलं, "दादा, तुम्हाला कंटाळा येईल. लांब आहे, गारठाही आहे. मी साउंड लावायला लवकर जातो, सुहासिनी ड्युटीवरून परस्पर येईल. तुम्ही घरीच आराम करा." शांतवनराव बरं म्हणाले. ते मुलाच्या बोलण्याला नेहमी बरंच म्हणायचे.

हॉलच्या मागच्या छोट्या स्वयंपाकघरात फराळाचे डबे उघडून मांडले जात होते. प्रसन्न केतकर तिथे चहा करत होता. तो शशिकांतच्याच कारखान्यातला, स्वभावाने मोकळा, मंडळाचा सेक्रेटरी. त्याने खिशातून फोन काढला.

"अरे, हे ऐका सगळ्यांनी. आयरिश रेडिओवर मराठी. हॉस्पिटलमधल्या एका नर्सने पाठवलंय."

फोनमधून शांतवनरावांचा आवाज आला. खाली पत्र्याच्या डब्याचा ठेका. कडव्याचा एक तुकडा होता तो, अर्ध्या मिनिटाचा. चार-पाच जण भोवती जमले. कुणीतरी म्हणालं, "काय गोड म्हणतायत." दुसरा एक जण, डब्लिनहून पाहुणा आलेला, हसून म्हणाला, "उच्चार ऐका ना. कन्व्हर्टेड असणार. नगरकडे पुष्कळ आहेत तसले."

बाकीचे खाली बघत डबे मांडू लागले. प्रसन्नने मान वर करून शशिकांतकडे पाहिलं.

"शशी, हा तर तुमच्या क्लूनबेगचा रेडिओ. कोण आहेत हे आजोबा? ओळखतोस?"

शशिकांतच्या हातात चकल्यांचा डबा होता. एक शब्द पुरला असता. तो शब्द त्याला लहानपणापासून येत होता.

"नाही रे," तो म्हणाला. "असतील कुणाचे तरी वडील. आले असतील भेटीला."

बोलून तो वळला, तर दारात दादा उभे होते. माकडटोपी, शशिकांतचाच जुना कोट, हातात स्टीलचा डबा. सासऱ्यांना सणाला घरी एकटं ठेवणं सुहासिनीच्या मनाला पटलं नाही म्हणून तिने वाट वाकडी करून त्यांना आणलं होतं. ती बाहेर गाडी लावत होती. त्यांनी नेमकं किती ऐकलं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. ते मुलाकडे बघत होते, रस्ता विचारायच्या आधी अनोळखी माणूस बघतो तसे, अंदाज घेत.

"या ना आजोबा," प्रसन्न पुढे झाला. "तुम्ही कुणाकडचे?"

शांतवनरावांनी डबा ओट्यावर ठेवला.

"मी ह्यांच्याकडं उतरलोय," ते शशिकांतकडे हात करून म्हणाले. "गावाकडचा हाय. एकाच गावचे आम्ही."

'आम्ही' म्हणताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. प्रसन्न क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बसा, बसा. चहा तयारच आहे." त्याने स्वतः खुर्ची आणून दिली.

शशिकांत माइककडे जाऊन बसला. तिथून त्याला वडील दिसत होते. ते कडेच्या खुर्चीत बसून अनारसा खात होते, कुणी बोललं तर मान हलवत होते. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी खुर्च्या उचलून रचायला मदत केली. सुहासिनीला यातलं काही माहीत नव्हतं. ती डॉक्टरबायकांशी बोलत होती. घरी जाताना गाडीत शांतवनराव म्हणाले, "अनारसं झकास झालं व्हतं."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात चहाच्या सुट्टीत शशिकांतने फोनवरून रेडिओची वेबसाइट उघडली. वडिलांचे सगळे रविवार तिथे होते. त्याने एकेक करून पुसून टाकले. तेव्हा त्याला फक्त सुटल्यासारखं वाटलं. स्टेशनच्या कॉम्प्युटरवर आता यातलं काहीही उरलेलं नाही, कारण तिथली सफाई आपणच लावून दिलीय, हे त्या क्षणी त्याच्या डोक्यात आलंच नाही. आलं असतं तरी तो थांबला असता का, याची त्याला आजही खात्री नाही.

दोनच दिवसांनी सुहासिनीला मंडळातल्या एका बाईने विचारलं, की तुमचे गावाकडचे पाहुणे किती दिवस आहेत? ती घरी आली, पर्स न ठेवताच स्वयंपाकघरात उभी राहिली.

"कोण पाहुणे?"

शशिकांतने सांगितलं. जेवढं घडलं तेवढं, काही न गाळता. तिने पर्स ओट्यावर ठेवली.

"आणि दादांनी सांभाळून घेतलं तुला," ती म्हणाली. "तुला जाऊन पाय धरावेसे नाही वाटले?"

वाटले होते. पण पाय धरले की त्याबद्दल बोलावं लागलं असतं, आणि शांतवनराव तर काही झालंच नाही असे वागत होते. रविवार आला. मिस्सा झाली. नोएल बिस्किटांचा डबा घेऊन दारात उभा होता. शांतवनराव शशिकांतला म्हणाले, "त्याला म्हनावं, घसा धरलाय."

घसा धरलेला नव्हता. शशिकांतने ते नोएलला इंग्रजीत सांगितलं. पुढच्या रविवारीही सांगितलं. तिसऱ्या रविवारी नोएलने विचारलंच नाही. त्या तीन आठवड्यांत कधीही "दादा, गा तुम्ही" असं म्हणता आलं असतं. शशिकांत म्हणाला नाही. खरं सांगायचं तर दर वेळी नकार ऐकून त्याच्या छातीवरचं ओझं थोडं कमी व्हायचं, आणि ते कमी झालंय हे जाणवलं की त्याला स्वतःची किळस यायची.

नाताळ आपल्या मंडळीसोबत करायचा म्हणून शांतवनराव डिसेंबरच्या मध्यावर परत गेले. विमानतळावर त्यांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. "जप सोताला," म्हणाले. शशिकांतला ते निरोपाचे साधे शब्द वाटले.

जानेवारीत एकदा तो स्टेशनवर गेला असताना नोएल म्हणाला, "तुझ्या वडिलांचं गाणं वेबसाइटवर सापडत नाही. मिसेस टाल्टीला ऐकायचंय. तिची भाची लावून देणार होती."

शशिकांत म्हणाला, "बघतो."

"पुन्हा पुन्हा मागते बिचारी. ते येत होते तोवर तिला सवय झाली होती."

"कुठे येत होते?"

नोएलने आश्चर्याने पाहिलं. "तिच्या घरी. रेडिओवर घसा बसला म्हणायचे, पण दुपारी चालत तिच्याकडे जायचे ना. घर मीच दाखवलं होतं, तो डबाही मीच दिला होता त्यांना. तिच्या पलंगाजवळ बसून गायचे. तुला माहीत नव्हतं?"

शशिकांत आणि सुहासिनी कामावर असताना ते जात होते. जिथे मराठी कळणारं कुणी नव्हतं आणि जिथून कुठे काही ऐकू जाणार नव्हतं, अशा एका खोलीत ते गात होते. शशिकांत कॉम्प्युटरसमोर बसला. सगळे फोल्डर उघडून पाहिले. काही नव्हतं. मग त्याने खुर्ची फिरवली आणि नोएलला सांगितलं, की गाणी मीच पुसली, आणि का पुसली. नोएल ऐकत होता. रागावेल असं शशिकांतला वाटलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

"कुणीतरी आपल्याला ऐकतंय याची लाज वाटते कधीकधी," नोएल म्हणाला. "मी अर्धं वर्ष बंद ठेवलं होतं. मागाहून भरून काढता येईल असं वाटलं मला. नाही येत."

उठून त्याने समईची वात पाहावी तसा ट्रान्समीटरचा छोटा दिवा पाहिला आणि जपमाळेची वेळ झाली म्हणून माइक चालू केला.

त्याच आठवड्यात शशिकांतने प्रसन्नला कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाठलं. गाडीत बसवलं. काय बोलायचं ते तो घरून ठरवून आला होता. "प्रसन्न, दिवाळीला ते जे आजोबा होते, ते माझे वडील. रेडिओवर गाणारे तेच. आम्ही ख्रिस्ती आहोत. मी तुमच्यापासून लपवलं."

प्रसन्न बाहेर बघत राहिला. त्याला अवघडल्यासारखं झालं होतं.

"शशी," तो म्हणाला, "तुझ्या मुलीची लहानपणी चर्चमध्ये फर्स्ट कम्युनियन झाली तेव्हा आमची वैदेही तिच्याच पोहण्याच्या क्लबात होती. पांढऱ्या ड्रेसमधला फोटो तिनेच घरी दाखवला. आम्हाला तेव्हापासून माहितीय. तुला बोलायचं नाही असं दिसलं, म्हणून आम्ही कधी विषय काढला नाही."

"सगळ्यांना माहितीय?"

"बहुतेकांना. आणि खरं सांगू का, दिवाळीला ते दारात उभे राहिले आणि बोलायला लागले, तेव्हा मला आवाज कळला. तुझं नाकही त्यांचंच आहे." तो थांबला. "मी बोलायला हवं होतं. त्या डब्लिनवाल्याला तरी. पण तू नाही म्हणालास, ते गावचा म्हणाले. मी मध्ये कुठे पडू? घरी जाऊन बायकोला म्हटलं, आज फार वाईट झालं."

शशिकांतला वाटलं होतं की सांगून झाल्यावर हलकं वाटेल. उलट झालं. इतकी वर्षं तो जे राखत होता ते कधीच राखलेलं नव्हतं. त्याच्या 'नाही'ने कुणीही फसलं नव्हतं. त्या स्वयंपाकघरात तो शब्द लागला असेल तर एकाच माणसाला. बाकीचे नुसते खाली मान घालून उभे होते, त्याच्यासाठी ओशाळून.

मार्चमध्ये त्याने रजा घेतली आणि एकटाच गावी गेला. फोनवर हे बोलता येत नव्हतं. दोनदा प्रयत्न केला तेव्हा दादांनी तिकडच्या थंडीची चौकशी करून फोन ठेवला होता.

घर तसंच होतं, दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. शांतवनराव लसूण सोलत बसले होते. शशिकांत समोर जमिनीवर बसला आणि त्याने त्यांना ओळखत नाही म्हटल्याची, गाणी पुसल्याची, सगळी गोष्ट सांगितली. माफ करा, म्हणाला. सांगताना त्याला वर बघवत नव्हतं.

शांतवनरावांनी लसणाची परडी बाजूला सारली.

"आरं, त्यात माफी कशाची," ते म्हणाले. "मला कळलं की तवाच. मी डेअरीवर लागलो ना, तवा पयलं दोन वर्सं मीबी कुनाला सांगितलं नव्हतं. कॅन उचलायचो, दूध मोजायचो. मंग एक दिस कुनीतरी मालकाला सांगितलं. त्यानं काडून न्हाई टाकलं, पर दुधाला हात लावू दिला न्हाई परत. ड्रायव्हर केलं. टँकर चालीव म्हनला, उतरू नगंस." ते जरा हसले. "तुला ह्ये कदी सांगितलं न्हाई. कशाला सांगायचं पोराला. पर तू तितं न्हाई म्हनलास, तवा मी म्हनलो, म्हंजी तिकडंबी तसंच हाय. पोराची नोकरी जाईल. आपन कशाला मधी यायचं. म्हून मंग गानंबी सोडलं. रेडूवर कोन ऐकंल, काय सांगावं."

शशिकांतला विमानतळावरचे शब्द आठवले. 'जप सोताला.' गेले कितीतरी महिने हा माणूस इथे बसून, परदेशात आपल्या मुलाच्या नोकरीला धोका आहे या काळजीत होता.

'हो दादा, तसंच आहे' म्हणता आलं असतं. वडिलांनी स्वतःच त्याच्यासाठी एक कारण शोधून ठेवलं होतं, चांगलं, इभ्रतीचं कारण. ते घेतलं असतं तर दोघांनाही सोपं गेलं असतं.

"नाही दादा," तो म्हणाला. "तिकडे तसं काही नाही. नोकरी गेली नसती. कुणी काही केलं नसतं. त्यांना तर आधीपासून माहीत होतं."

शांतवनरावांनी त्याच्याकडे पाहिलं. आता त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते दिवाळीच्या दिवशी उमटलं नव्हतं.

"मंग?" त्यांनी विचारलं.

बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला. नंतर शांतवनरावांनी परडी पुन्हा पुढे ओढली, त्यातला एक गड्डा मुलाच्या हातात दिला, आणि दोघं जण खाली बघत लसूण सोलू लागले.